दारातलं टेबल

मास्तर गेले त्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी, त्यांच्या थोरल्या भावाने, काकांनी, आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. हवी होती फक्त एक चादर. भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना फरशीचा गारवा बाधत होता. कपाट मास्तरांच्या बायकोचं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तिचे कपडे अजून आत घडी घालून ठेवलेले आहेत असं घरातले सगळे धरून चालले होते. किल्ली मास्तरांच्या चष्म्याच्या डबीत सापडली.

आत कपडे नव्हते. तळापासून वरच्या फळीपर्यंत पुस्तकं होती, सगळी एका आकाराची, सगळ्यांचा पुठ्ठा निळा. काही भिजून फुगलेली, काहींवर वाळलेला चिखल. काकांनी एक काढलं, उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि चटका बसल्यासारखं परत ठेवून दिलं. मग कपाट तसंच उघडं टाकून ते बाहेर आले, दाराशी गेले आणि बूट घालू लागले.

ते ज्यू. त्यांच्यात माणूस गेला की रक्ताची माणसं सात दिवस घराबाहेर पडत नाहीत, खाली बसतात, आरसे झाकतात, पायात बूट घालत नाहीत. काका पाच दिवस बुटक्या स्टुलावर मोज्यांनिशी बसून होते. त्यामुळे त्यांनी बूट घातले याचा अर्थ त्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मास्तरांची मुलगी समोरच्या स्टुलावर होती. डाव्या बुटाच्या नाडीचं टोक उसवलंय, हे तिने पाहिलं. गेले पाच दिवस तिला असलंच काही दिसत होतं: कपाच्या कानाला गेलेली चीर, झाकलेल्या आरशावरच्या कापडाची उलटी शिवण. रडू आलं की बरं वाटेल, असं येणारा प्रत्येक जण सांगून जात होता. रडू वाटेत कुठेतरी अडलं असावं. ती वाट बघत नव्हती.

"काका, कुठे निघालात?"

"घरी," काका म्हणाले. "आपल्यातला माणूस गेला म्हणून बसतात, पोरी. जो आधीच निघून गेला होता, त्याच्यासाठी नाही बसत."

उघड्या कपाटातले निळे पुठ्ठे तिलाही दिसत होते. ते पुस्तक काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. हिब्रूतलं ख्रिस्ती शुभवर्तमान. ते मास्तरांनीच छापून काढलं होतं.

मास्तर मिशनच्या छापखान्यात सदतीस वर्षं होते, आधी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे जुळारी म्हणून आणि खिळे जाऊन नवी यंत्रं आल्यावर मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायला. छापखान्याचं काम एकच: येशूची वार्ता जितक्या भाषांत छापता येईल तितक्या भाषांत छापायची आणि पाठवायची. मास्तरांच्या हाताखालून ती एकोणीस भाषांत गेली. त्यातल्या बाराएक भाषा त्यांना समजत नव्हत्या. त्या ते अक्षर अक्षर लावून तपासत, आणि चुका समजणाऱ्यांपेक्षा कमी ठेवत. डोंगरापलीकडच्या, समुद्रापलीकडच्या माणसांना ती वार्ता मास्तरांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मिळाली नाही, आणि मास्तरांनी मात्र तिच्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नाही. लपवलंही नाही. छापखान्यात त्यांचं नाव पडलं होतं नन्नामास्तर.

छापखाना मिशनच्या चर्चचे पाळकसाहेब चालवत. दोघांची जोडी होती. दुपारी चारला चहा आला की मुद्रितं बाजूला सरायची आणि रोजचा वाद सुरू व्हायचा. सुट्टीत मुलगी तिथेच असायची. तिचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून छापखान्याने तिला शाई म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे ती दुसऱ्या गावी ग्रंथालयात नोकरीला लागली तरी शाईच राहिली. वाद तिला पाठ होता. पाळकसाहेब म्हणत, ही वार्ता आधी तुमच्या दारात आली; घर तुमचं, भाषा तुमची, घेऊन येणारेही तुमचेच. तुम्ही दार लावलं. मग ती पुढच्या गल्लीत गेली, पुढच्या गावात गेली, आणि हिंडत हिंडत आमच्या आजोबांच्या झोपडीत पोचली, ज्यांना सही म्हणजे अंगठा एवढंच माहीत होतं. तुम्ही पटकन हो म्हणाला असतात तर ती तुमच्याच घरात राहिली असती. तुमच्या नकारावर जगलोय आम्ही.

"मग झालं तर," मास्तर म्हणत. "एका नकारात एवढ्यांचं भलं होत असेल, तर तो मोडा कशाला?"

"शेवटी तुम्हीही याल, असं लिहिलंय. सगळ्यांच्या शेवटी."

"शेवटी ना? मग आत्ता चहा घ्या. घाई तुम्हालाच आहे."

हिब्रू आवृत्तीची कल्पना पाळकसाहेबांची. सगळ्या जगाला दिली, आता ज्यांची होती त्यांच्या भाषेत त्यांना परत द्यायची. ती अक्षरं जुळवू शकणारा माणूस एकच. मास्तरांनी काम घेतलं तेव्हा थोरला भाऊ दोन वर्षं बोलला नव्हता. मास्तरांचं म्हणणं होतं की मी अक्षरं जुळवतो, मतं जुळवत नाही.

पुस्तक निघालं, आणि कोणी घेईना. गावात त्यांची घरं इन-मीन-तीस, आणि मिशनच्या दुकानात शिरताना कोणी पाहिलं तर काय, ही धास्ती प्रत्येकाला. तेव्हा पाळकसाहेबांनी एक युक्ती काढली. छापखान्याच्या रस्त्याकडच्या दारात एक छोटं टेबल मांडलं, वर एक निळं पुस्तक ठेवलं. पाटी नाही, किंमत नाही, राखायला माणूस नाही. ज्याला हवं त्याने जाता जाता उचलावं. पहिलं पुस्तक चार दिवसांत गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. मग महिन्याला एखादं जात राहिलं, कधी दोन. कोण घेतं ते कधीही बघायचं नाही, असा नियम करून पाळकसाहेब आपल्या खोलीत पाठ करून बसत. इतकी वर्षं. कोणीतरी वाचतंय, मास्तर, ते म्हणत. तुमच्यातलंच कोणीतरी. मास्तर चहात बघत.

म्हणजे पाचव्या दिवशी काका नाड्या बांधत असताना जे घडलं त्याला तसा योगायोग म्हणता येणार नाही. चार वाजले होते, आणि चारला पाळकसाहेब रोजच येऊन बसत होते. ते दारात काठी टेकत होते, काका बाहेर पडत होते.

"या," काका म्हणाले. "आत कपाट उघडं आहे. तुमचा माल आहे, ओळखून घ्या."

पाळकसाहेब आत गेले. मुलगी उठून गेली तेव्हा ते कपाटासमोर उभे होते आणि पुस्तकांच्या कण्यांवरून हात फिरवत होते.

"तुम्ही होतात होय," ते कपाटाला म्हणाले. "मास्तर, सगळी तुम्हीच नेत होतात." मग तिच्याकडे वळून, पंच्याहत्तरीच्या माणसाला लाज वाटावी इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, शेवटच्या दिवसांत काही म्हणाले का?

तिने एका पुठ्ठ्यावरचा वाळका चिखल नखाने खरवडला. त्यांनी आपल्या परीने उत्तर धरलं. ते म्हणाले की परवा मिशनचं पत्रक छापायला जायचं आहे, त्यात मास्तरांवर अर्धं पान आहे, आणि त्यात दोन ओळी घालाव्यात असं त्यांना वाटतं. की जो माणूस आयुष्यभर नाही म्हणाला, त्याने गुपचूप हो म्हटलं होतं. तिची हरकत नसेल तर. सदतीस वर्षं रोज सकाळी त्यांनी मास्तरांसाठी देवापाशी मागणं केलं होतं. ते मोजत नव्हते, पण.

"परवा सांगते," ती म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी इस्पितळात मास्तरांनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. त्यांच्यात बाप गेला की मुलगा अकरा महिने रोज दहा पुरुषांत उभं राहून त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणतो. मास्तरांना मुलगा नव्हता. दादाला म्हणायला सांग, ते म्हणाले होते, मोठं काही नको. तिने विचारलं होतं, बाबा, तुमचा त्यावर तरी विश्वास आहे का?

"विश्वास दादाचा आहे," मास्तर म्हणाले. "मला फक्त गळायचं नाहीये. चुकलेली ओळ कोणालाही दिसते, शाई. गाळलेली दिसत नाही."

ती प्रार्थना चार दिवस झाली होती. पाचव्या संध्याकाळी दहापैकी आठच आले. काका नव्हते, आणि कपाटात काय सापडलं तो निरोप त्यांनी इतरांपर्यंत पोचवला होता. आठ जण थोडा वेळ उभे राहिले, मग दाताचा दवाखाना चालवणारे म्हणाले की दहा नाहीत तर काही म्हणता येणार नाही, आणि सगळे निघून गेले. तिने त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्च्या परत भिंतीला लावल्या. एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता. त्याखाली कागदाची घडी सरकवायला हवी, असं तिला वाटलं, आणि बराच वेळ ती तेवढाच विचार करत राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी तिने पुस्तकं खाली काढायला घेतली. विचार असा नव्हताच. कपाट उघडं होतं, आणि तिच्या हातांना पुस्तकं काढणं, झटकणं, रचणं येत होतं. ग्रंथालयात आलेलं पुस्तक ती आधी मागून उघडते, कारण तारखांची चिठ्ठी मागे असते. सवयीने तिने इथेही पहिलं पुस्तक मागून उघडलं.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पट्टी चिकटवली होती. मुद्रितांच्या कागदाची, कडेने सरळ कापलेली. तिच्यावर मास्तरांचं बारीक, टोकदार पेन्सिलीचं अक्षर.

मंगळवार. न्हाव्याच्या दुकानाबाहेर, बाकाखाली. पूर्ण भिजलेलं. चार दिवस वाळवलं.

तिने दुसरं उघडलं. बस थांब्यावर. वरचं पान कोणाच्या तरी बुटाखाली. तिसरं. किराणा दुकानात, पुड्या बांधायला. मागून घेतलं. दुकानदार म्हणाला, छापखान्याच्या दारात फुकट मिळतात, रोज मिळाली तर बरं.

ती जमिनीवर बसली. आता तिला आठवलं, आणि आठवल्यावर आधी का आठवलं नाही याचं नवलही वाटलं नाही. ती सातआठ वर्षांची, बाबांचं बोट धरून घरी येत होती. बाबा मधेच थांबले, गटाराच्या कडेचा एक निळा पुठ्ठा उचलला, आतलं एक पान बाहीने पुसलं, ओठांना लावलं आणि कोटाच्या आत ठेवलं. देवाचं नाव लिहिलेला कागद टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही; जुना झाला की माणसासारखा पुरायचा, हे तिला घरात शिकवलं होतं. पण हे तर पाळकसाहेबांचं पुस्तक, ती म्हणाली होती.

"पुस्तक त्यांचं," बाबा म्हणाले होते. "नाव आपलं. नाव कोणाच्या गाडीत बसलंय ते बघून त्याला रस्त्यावर सोडतात का?"

कुठल्या पानावर देवाचं ते चार अक्षरी नाव कुठे येतं हे त्यांना न बघता माहीत होतं. त्यांनीच जुळवलं होतं.

ती एकेक पट्टी वाचत गेली. शाळेमागे. पहिली आठ पानं नाहीत, होड्या केल्या असाव्यात. तीन सापडल्या, आत ठेवल्या आहेत. त्या होत्या, इस्त्री केल्यासारख्या चपट्या. आणखी एक पट्टी: टेबलावरच, तीन दिवस उन्हात. कोणी हात लावला नाही. मीच उचललं. असली अनेक होती, टेबलावरूनच उचललेली. खालच्या फळीवर सगळ्यात जुनी होती, आणि त्यातल्या एकावर लिहिलं होतं: पाळकसाहेबांना सांगायला हवं की कोणी वाचत नाही. आज ते फार आनंदात होते. उद्या सांगेन. त्याखाली तारीख होती. तारखेला सव्वीस वर्षं झाली होती. पुढच्या एकाही पट्टीवर ती गोष्ट पुन्हा आली नव्हती.

एकशे त्रेसष्ट पुस्तकं. दुपार झाली तेव्हा तिने काकांना फोन लावला. काकांनी उचलला. मागे त्यांच्या दुकानातली घड्याळं टकटकत होती. घड्याळजीच्या घरात शांतता अशी नसतेच.

लहानपणी मुद्रितं तपासताना ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि बाबा छापलेल्यावर डोळा ठेवायचे. त्या वाचण्याची एक तऱ्हा असते. चढ नाही, उतार नाही, अर्थाकडे लक्ष नाही, विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. तिने काकांना प्रस्तावना केली नाही. पहिली पट्टी घेतली आणि त्या आवाजात वाचू लागली. मंगळवार पूर्णविराम. न्हाव्याच्या दुकानाबाहेर स्वल्पविराम बाकाखाली पूर्णविराम. एक झाली की दुसरी. काकांनी फोन ठेवला नाही. तीसेक झाल्यावर तिला तहान लागली. पाणी पिऊन तिने पुढची घेतली. होड्यांच्या पट्टीपाशी काका खोकले.

"उलगडलीस का त्या?" त्यांनी विचारलं.

"एक उलगडली. नाव आहे तिच्यात."

"पुढे वाच," काका म्हणाले.

सातव्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, काका आले. दारातच खाली वाकून त्यांनी बूट काढले, जोडीने भिंतीशी लावले आणि स्टुलावर जाऊन बसले. सातव्या दिवसाचं बसणं तासाभराचंच असतं. तो तास ते पूर्ण बसले. बाकीचे नऊही आले. दातवाल्यांनी कोणाकडे न बघता डुगडुगणारी खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली. प्रार्थना झाली. काकांचा आवाज मधे एकदा अडखळला आणि त्यांनी तो शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला.

माणसं गेल्यावर काका कपाटापाशी उभे राहिले.

"गाढव," ते म्हणाले. "सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं बोललो नाही मी त्याच्याशी." मग एक पुस्तक हातात घेऊन: "आपल्यातले जुने शहाणे काय म्हणतात ठाऊक आहे? असली पुस्तकं आगीत सापडली तर वाचवूसुद्धा नयेत, आत नाव असलं तरी. दुसरे म्हणतात, नाव तेवढं कापून घ्यावं, बाकीचं जाळावं. हजार वर्षं भांडतायत. आणि तुझा बाप कोणाला न विचारता निकाल देऊन मोकळा झाला."

तिने विचारलं, मग आता यांचं काय करायचं.

"तो पुरण्यासाठीच साठवत होता. पुरू. त्याच्या शेजारी जागा आहे." मग ते म्हणाले, पाळकाला मात्र यातलं काही सांगू नकोस. म्हातारा झालाय. इतकी वर्षं एका टेबलावर जगलाय तो. तिला काकांकडून एवढ्याची अपेक्षा नव्हती. काकांनाही नसावी, कारण ते लगेच घड्याळाकडे बघू लागले.

पण तिने पत्रकातल्या दोन ओळींचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते छापलं गेलं की दहातले सहा उद्या येणार नाहीत, ते म्हणाले. मी एकटा भिंतीपुढे उभा राहून म्हणू शकत नाही, शाई. पहिल्यांदाच त्यांनी तिला त्या नावाने हाक मारली.

सात दिवसांचं बसणं उठलं की घरातली माणसं बाहेर पडून एक फेरी मारून येतात. तिने तीच फेरी छापखान्यापर्यंत नेली. पिशवीत पट्ट्यांचा गठ्ठा होता, वाफेवर धरून पुठ्ठ्यांवरून सोडवलेला, आणि एक पुस्तक. ऊन होतं. आठ दिवसांपूर्वीचेच रस्ते होते. पाय चालत होते आणि ती त्यांच्यामागून जात होती.

दारातल्या टेबलावर निळं पुस्तक होतं. कडेने ऊन त्याच्यापर्यंत आलं होतं.

पाळकसाहेब पाठ करून बसले होते. तिला बघून त्यांनी खुर्ची पुसली. पत्रकाचं मुद्रित त्यांच्यापुढेच होतं. बघतेस का, ते म्हणाले, आता तपासायला कोण आहे. तिने अर्धं पान वाचलं. शेवटच्या दोन ओळी फार चांगल्या लिहिल्या होत्या. तिने एक अक्षर सुधारलं, आणि मग पट्ट्यांचा गठ्ठा मुद्रितावर ठेवला.

"बाबांचं आहे," ती म्हणाली. "आधी हे वाचा."

त्यांनी भिंग काढलं. वाचायला त्यांना पाऊण तास लागला. ती खिळ्यांच्या जुन्या लाकडी खणांकडे बघत राहिली. ते आता रिकामे होते, एकात कोणीतरी चहाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. उद्या सांगेन, या पट्टीशी ते आले असावेत, कारण भिंग हलायचं थांबलं. मग पुन्हा हलू लागलं.

शेवटची पट्टी त्यांनी बाकीच्यांवर सारखी करून ठेवली.

"म्हणजे कोणीच नाही," ते म्हणाले.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. एवढ्याची पट्टी तिने सोडवली नव्हती, आत तशीच होती. बागेतल्या बाकावर. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं. पेन्सिलीच्या खुणा, बाविसाव्या पानापर्यंत. कोणीतरी वाचलेलं दिसतं. ठेवणारा परत येईल म्हणून दोन दिवस तिथेच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी उचललं.

पाळकसाहेबांनी पानं उलटली. खुणा फिकट होत्या, ओळींच्या कडेने. दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह. बाविसाव्या पानानंतर कोरं.

"हे त्यांचं..."

"नाही. बाबांचा हात नाही हा. बाबा अशी प्रश्नचिन्हं काढत नाहीत."

खोटं बोलणं सोपं होतं, हे नाही म्हणतानाही तिला कळत होतं. चार शब्दांचं काम. समोरचा म्हातारा तिच्याकडे बघतही नव्हता. पण बाबांनी सव्वीस वर्षं जे उद्यावर टाकलं ते तिला आणखी पुढे ढकलता येत नव्हतं, आणि अकरा महिन्यांतले फक्त सात दिवस झाले होते.

"बाविसाव्या पानापर्यंत," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं नाही. त्यांनी पेन उचललं, मुद्रितातल्या शेवटच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, कडेला गाळण्याची खूण केली. जुन्या पद्धतीची, मास्तरांनीच शिकवलेली. मग विचारलं, जागा रिकामी राहते. काय घालू?

"घाला की आमचं पुस्तक त्यांनी रस्त्यावरून उचललं. आणि विश्वास ठेवला नाही."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

त्यांनी तसं लिहिलं. लिहून झाल्यावर ते काठी घेऊन उठले, दारात गेले, टेबलावरचं पुस्तक उचललं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि आणून तिच्या हातात दिलं. हेही घेऊन जा, म्हणाले. टेबल आत घेताना त्यांना एकट्याला जमेना, तेव्हा तिने दुसरी बाजू धरली. बाविसाव्या पानाचं पुस्तक त्यांनी परत दिलं नाही आणि तिने मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकं पुरली. दफनभूमी गावाबाहेर, उताराला. मास्तरांच्या मातीचा रंग अजून ओला वाटत होता. शेजारी खड्डा तयार होता, फार खोल नाही. काकांनी आणि दातवाल्यांनी गोण्या उचलून आणल्या. दहावा माणूस उशिरा आला. त्याची सबब कोणी ऐकून घेतली नाही.

पुस्तकं ती एकेक करून काकांच्या हातात देत होती. वजन तिला आधी कळलं नव्हतं, आता कळत होतं. मनगटं दुखायला लागली होती. होड्या तिने त्यांच्याच पुस्तकात परत ठेवल्या होत्या.

कुणीतरी म्हणालं, फाटकापाशी कोण आहे बघा. पाळकसाहेब होते. काठीवर दोन्ही हात ठेवून फाटकाच्या बाहेर उभे होते, आत यावं की नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. केव्हापासून उभे होते तेही कोणाला माहीत नव्हतं.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. हातातली माती त्यांनी कोटाला पुसली.

"आत या," त्यांनी हाक दिली. "दहात धरणार नाही तुम्हाला. पण आत या."

पाळकसाहेब आले आणि तिच्याशेजारी, जरा मागे, उभे राहिले. काकांनी प्रार्थना सुरू केली. ती शब्द लक्ष देऊन ऐकत होती, कुठे काही गळत नाही ना ते बघायला.